जोडीदाराचे हात धरा

अहो,
डबा ओट्यावर ठेवलाय. तुम्ही जिमहून यायच्या आत मला कामावर निघावं लागतं आणि मी परत येईतो तुम्ही डाराडूर झोपलेले. एका घरात राहून आपली चुकामूक!

काल व्हिडिओ लावून व्यायाम करत होते. त्यातली बाई म्हणाली, "आता जोडीदाराचे हात धरा आणि मागे झुका." मी कपाटाची मूठ धरली. बाई म्हणते, "वा, काय छान जोडी!" आधी खूप हसले, मग तिथेच खाली बसून राहिले.

जिम सोडा म्हणत नाही. तिथं तुमचे मित्र आहेत, तब्येतही सुधारलीय. पण रविवारी घरी थांबाल का? सोफा मी एकटीनेच भिंतीकडे सरकवलाय. आता व्यायामाला दोघं मावतो.

– मी