न नेलेले फोटो

प्रिय नाकोबा,

तुझे तीन मेसेज, एक तक्ता आणि तो तक्ता कसा भरायचा हे समजावणारा दुसरा तक्ता, सगळं पोचलं. मी फोन उचलत नाही म्हणून तू वैतागला असशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि यावेळी मला सलग बोलायचंय. पत्रच का, याचं आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते. ऑफिसात वाचू नकोस. घरी जा, चहा कर, मग वाच. विषय तुझ्या पुस्तकाचा आहे आणि पाच तारखेला आईच्या वाढदिवसाला तू जे पाहुणे आणणार आहेस त्यांचा. ते दारात उभे राहण्याआधी तुला काही गोष्टी कळायलाच हव्यात.

आधी आईची खबरबात. गुडघा बरा आहे. जिना उतरते, चढताना मात्र मधल्या पायरीवर थांबून शेजाऱ्यांची चौकशी करते, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळत नाही. मी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आणि माझी आई भिंग घेऊन पेपर वाचते. नवा चष्मा कपाटात घडी घालून ठेवलाय, "चांगल्या दिवशी" घालायला. ऐंशी पूर्ण होणार म्हणून केक आणायचा की नाही यावर आमचं रोज भांडण होतं, आणि रोज ती जिंकते.

आता फोटो. तू सांगितलंस तसे मी सगळे आल्बममधून काढून, पुसून, एकेक स्कॅन करायला घेतले. तुझ्या पुस्तकात घराण्याचा इतिहास येणार, नातवंडांना आपली माणसं कळणार, म्हणून मीही हौसेने बसले होते. आपल्या घरी फोटोंना तोटा नव्हता. बाबांचा स्टुडिओ होता म्हणून, आणि रोल संपवायला शेवटची दोन-तीन चित्रं उरली की आपल्याला उभं करायचे म्हणून. तुझ्या निम्म्या फोटोंत तू शाळेच्या गणवेशात आणि एका पायात चप्पल, असा आहेस, कारण त्यांनी हाक मारली की धावत यावं लागायचं. त्यांची शिस्त तुला आठवत असेल. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने पावतीचा नंबर. आपल्या फोटोंच्या मागे नंबर नाही, नुसतं "घरचा". का, तर चुकून कुणाच्या पाकिटात जायला नको. लोकांनी न नेलेले फोटो ते कधी फेकत नसत. खोक्यात घालून ठेवायचे आणि म्हणायचे, माणूस कधीही येईल.

आजोळचा आल्बम घरी आला तो दिवस तुला आठवतो का? तू सात वर्षांचा होतास, मी दहा. सुट्टी संपल्यावर बाईंनी वर्गात "आजोळी घालवलेले दिवस" असं काहीतरी लिहायला सांगितलं होतं आणि तू कोरा कागद देऊन आलास. संध्याकाळी जेवताना तू आईला विचारलंस, "तुला कोणीच नाही का गं?" तू काही वाईट मनाने विचारलं नव्हतंस. आई उठली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिसऱ्या दिवशी बाबा हिरव्या पुठ्ठ्याचा आल्बम घेऊन आले, म्हणाले, "हे घ्या तुमचं आजोळ. माळ्यावर होतं, सापडलं." त्यात काठी घेतलेले आजोबा होते, दोन वेण्यांची मावशी होती आणि कोट घातलेले मामा होते. फोटो जुने होते. डिंक मात्र ओला होता, माझ्या बोटाला लागला. दहा वर्षांच्या मुलीला त्यातून काय कळणार? मी बोट फ्रॉकला पुसलं.

मग काय, तू मामांवर फिदाच झालास. मामा बोटीवर कामाला, म्हणून येऊ शकत नाहीत. मामांनी तुझ्या वाढदिवसाला होकायंत्र पाठवलं. ते अजून तुझ्या टेबलावर आहे, आणि त्याच्यापायी तू जमिनी मोजायच्या धंद्यात पडलास हे तू भाषणातसुद्धा सांगतोस. तुझं नाक मामांवर गेलंय हे आईने एकदा म्हटलं आणि त्या दिवसापासून तू नाकोबा झालास. पंधराव्या वर्षी तू बंदरावर जाऊन त्यांना गाठणार म्हणून पैसे साठवायला लागलास, आणि पुढच्याच महिन्यात आईने सांगितलं की मामा तिकडेच तापाने गेले. तू दोन दिवस जेवला नाहीस. खोलीचं दार लावून बसलास, आणि आई दारापाशी ताट घेऊन उभी. तेव्हा मला वाटलं होतं, ती भावासाठी रडतेय.

गेल्या मंगळवारी मी मामांना आल्बममधून काढलं. मागे "घरचा" नव्हतं. नंबर होता, २२१६. मला वाटलं, बाबा चुकले असतील. मग आजोबांना काढलं. १५३०. मावशी, १९०२. मग मी तुझे आणि माझे सगळे फोटो उलटून पाहिले. घाबरू नकोस, आपण दोघंही घरचे आहोत. बाबांच्या वह्या अजून पलंगाखालच्या पेटीत आहेत, त्या काढल्या. २२१६ समोर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "पुरुष, उभा, कोट. दोन प्रती. नेले नाहीत." इतर दोघांपुढेही तेच, "नेले नाहीत."

आपलं सगळं आजोळ न नेलेल्या फोटोंच्या खोक्यातून आलेलं आहे, नाकोबा. मी तीस वर्षं लोकांच्या नाकांवर चष्मे बसवतेय, नाकं मला कळतात. मग भिंग घेऊन तुमची दोघांची नाकं शेजारी-शेजारी पाहिली. काही म्हणजे काही संबंध नाही. तुझं नाक तुझं स्वतःचं आहे.

हे तुला हळूहळू, बेताबेताने सांगावं असं ठरवत होते. तेवढ्यात तुझा मेसेज आला की मामांचा फोटो, मी आल्बममधूनच फोनवर काढून तुला आधी पाठवलेला, तू इंटरनेटवर टाकलास आणि माणसं सापडली. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने कोटावरून ओळखलं, कारण कोट तिच्या नवऱ्याचा, फोटोसाठी मागून नेलेला, वरचं बटण तुटलेला. तिचा भाऊ, म्हणजे फोटोतला हा माणूस, त्याच आठवड्यात कामावर अपघातात गेला. घरात त्याचा एकही फोटो नाही. त्याच्या मुलाने बापाचा चेहरा कधी पाहिला नाही, आणि आता तो मुलगाच साठीचा झालाय. हे सगळं तू लिहिलंस, आणि पुढे लिहिलंस, "आपले मामेभाऊ सापडले! आईसमोर नेऊन उभे करतो." ती आत्या म्हणते की आम्हाला आणखी बहीण नव्हती, तर त्यावर तुझं उत्तर काय, तर वय झालंय, विसरली असेल. अरे, विसरायला ती बहीण आहे, छत्री नाही.

मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ऐंशी वर्षांची आई, नवा चष्मा घातलेली, भोवती नातवंडं, आणि समोर एक म्हातारी येऊन विचारतेय, तुम्ही कोण? मग मी ठरवलं की आईशी बोलायचं. ती मटार सोलत बसली होती. मी तो फोटो तिच्यापुढे उलटा ठेवला. तिने नंबर पाहिला, हातातली शेंग पूर्ण सोलली आणि म्हणाली, "कळलं का? इतकी वर्षं कुणी उलटून कसं बघितलं नाही, याचंच मला नवल वाटायचं." मीच कासावीस झाले होते, ती शांत होती. वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "नुसती बसू नकोस, सोल."

तर ऐक. आई संस्थेत वाढली. कुणी आणून ठेवलं, कधी, काही नोंद नाही. बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. आपल्याला मोठं झाल्यावर सांगायचं ठरलं होतं, आणि मोठं झाल्यावर म्हणजे कधी, हे दोघांनाही ठरवता आलं नाही. तुझ्या त्या कोऱ्या कागदानंतर बाबांनी खोकं तिच्यापुढे आणून ठेवलं आणि म्हणाले, "तुला हवी ती माणसं निवड." तिने दोन रात्री निवडली. आजोबा घेतले, कारण त्यांच्या काठीच्या मुठीला कुणीतरी प्रेमाने सुतळी गुंडाळलेली होती. मावशी घेतली, कारण ती हसू दाबत होती. मामांना मात्र तिने प्रत्यक्ष पाहिलं होतं. माझ्या वेळी दिवस गेले होते तरी ती स्टुडिओत बसून छापलेल्या फोटोंवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने भरायची. हा माणूस आला, कोट नीट केला, फोटो काढून घेतला आणि जाताना तिच्यापाशी थांबून म्हणाला, "ताई, दुपार झाली. जेवलात का?" बस, इतकंच. आई म्हणाली, "मला तोवर कुणी ताई म्हटलं नव्हतं. आणि भाऊ आणखी काय विचारतो?"

मी तिला विचारलं, मग मारलंस कशाला त्यांना? तिने वाटीतला एक किडका दाणा वेचून टाकला. मग म्हणाली, "पोरगा बंदरावर जाऊन उभा राहिला असता गं. कुणाची वाट बघत?" तेव्हाच खरं सांगायला हवं होतं हे तिला कळत होतं. ताट घेऊन दाराबाहेर उभी होती तेव्हा दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. इतकी वर्षं तेच तिच्या मनात आहे, मामा नाही, तू. माझ्यासमोर आयुष्यात दुसऱ्यांदा ती रडली, आणि मटारांत पडेल म्हणून वाटी बाजूला केली.

मी म्हटलं, पाहुण्यांना आणू नको असं त्याला कळवते. तर माझ्यावरच डाफरली. "आणू नको कशाला? त्यांचा माणूस त्यांना द्यायला नको? हे म्हणायचे ना, माणूस कधीही येईल? आला." त्या मुलाला ती स्वतः सांगणार आहे की तुझे वडील परक्या बाईला जेवलात का विचारणारे होते. भीती तिला पाहुण्यांची नाही, तुझी आहे. म्हणाली, "तो चिडेल, चिडू दे. पण त्याचा पडलेला चेहरा मी एकदा पाहिलाय, पुन्हा मला बघवणार नाही. तू पत्र लिही. त्याला काय वाटायचं ते तिकडे वाटू दे, मग येऊ दे." म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज पडलेलाही तिने ऐकला असता, म्हणून फोन नाही. मग तिने मला भिंतीवरचा तिचा फोटो काढायला लावला, लग्नाआधीचा, ज्यात ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. संस्थेने नोकरीच्या अर्जासाठी काढायला लावला होता, पण ती जागा दुसऱ्या मुलीला मिळाली आणि फोटो आणायला कुणी गेलंच नाही. तीन आठवडे वाट पाहून बाबा स्वतः द्यायला गेले. तुझ्या-माझ्या जन्माची गोष्ट तिथून सुरू होते. फ्रेमचा पुठ्ठा मी उचकटला. मागे नंबर आहे, १४१७. त्याच्याखाली, वेगळ्या दिवशीच्या वेगळ्या पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात, "घरचा". मामांच्या दोन प्रती आहेत. एक पाच तारखेला त्यांच्या मुलाला द्यायची. दुसरीच्या मागे नंबराखाली जागा रिकामी आहे, आणि तिथे काय लिहायचं ते तू ठरवणार असं आई म्हणते. पेन्सिल तिने आत्ताच टोक करून ठेवली आहे.

तुझीच, उलटून तपासून घेतलेली,
ताई