पिवळ्या रंगातलं वावर

बा, आपलं वावर सरकारनं पिवळं केलं आहे. खरंखुरं नाही, कागदावर. वर्धा शहर पुढं कसं वाढणार, घरं कुठं होणार, शेती कुठं राहणार, याचा मोठा नकाशा काढून त्यांनी गावच्या शाळेत टांगला आणि म्हणाले, पाहा, हरकत असेल तर सांगा, मग पक्का करू. हिरवं म्हणजे शेती, पिवळं म्हणजे घरं. मी आपला सहजच आलो होतो. हिंगणघाटची गिरणी सोडून नागपूरला निघालो, मधेच वाटलं, घरी डोकावून केळझरच्या गणपतीला जावं. तिथं चढावर तू मला खांद्यावर घेतलं होतंस आणि मी तुझी टोपी… ते राहू दे, नकाशाचं सांगतो.

टांगलेला नकाशा म्हाताऱ्यांना काही उमजेना. "गाव भिताडावर लटकते का कुठं?" म्हणून त्यांनी तो काढला, शाळेच्या अंगणात अंथरला आणि कागदावरचा मारोती खऱ्या मारोतीच्या दिशेला येईपर्यंत फिरवत राहिले. चपला बाहेर. नकाशा घेऊन आलेला साहेब तरुण, हिंदी मुलखातला, कपाळाला हात लावून म्हणतो, "अरे भाई, नक्शा है, सतरंजी नहीं!" तर काका त्यालाच दटावतो, "पाय सांभाळा साहेब, मारोती हाये तिथं."

आपलं वावर पिवळ्यात निघालं तसा काका खुलला. "वहिनी, प्लाट पडले तं सोनं होईन. पोरगं तं तुमचं वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवत नाई."

"मंग ज्वारी कुठं पेरू? तुमच्या वसरीत?" माय म्हणाली. सगळे हसले. पण मग ती गुडघे चोळत बसली. साहेबानं विचारलं, जमीन कोणाच्या नावावर? अजून तुझ्याच नावावर आहे, बा. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मायनं नाव बदलू दिलं नाही. ती म्हणाली, "याच्या बाच्या नावानं हाये. त्याले जे वाटलं असतं ते लिवा. सांग न बे, तुह्या बाले काय वाटलं असतं?"

आणि सगळं अंगण माझ्याकडं पाहायला लागलं.

हेच तर मला कळत नाही. मला दोन बा आठवतात. एक उन्हात कापसाची पऱ्हाटी उपटून राह्यला आहे, हाताची सालटं निघालेली, आणि मला म्हणतो आहे, "शाळा शिक बे, नाई तं याच मातीत कुजशीन. मी तं एक दिवस विकून टाकतो हे आन् ठेशनावर चायची केटली घेऊन बसतो." केटली मी खरी मानली होती, दुसऱ्या दिवशी घरभर शोधली. दुसरा बा त्याच हिवाळ्यातला. वर्ध्याचा एक शेठ गोड बोलत वावर मागायला येतो, आणि तू भाव न विचारताच बैल हाकायची तुतारी उगारून त्याला धुऱ्यापार घालवतोस. इकडं जुंपलेले बैल हरभऱ्यात शिरलेले, माय ओरडते आहे, आणि तू त्याच्याच मागं पळतो आहेस. यातला कोणता बा साहेबाला सांगायचा?

मी म्हणालो, "बाले इचारून सांगतो."

काय हसले लोक! काका म्हणे, "जाय मंग, टाक पत्र." माय हसली नाही. साहेबही हसला नाही. उद्या दुपारपर्यंत बसतो म्हणाला.

घरी मायनं ताट घेतलं. आंबाडीची भाजी वाढली, भाकर वाढली. उठताना तिनं भिंतीचा आधार घेतला. पिवळं झालं तर तिला वाकायचं तरी राहणार नाही. काका खोटं बोलत नाही, बा. मला शेती करायची नाही. पोळ्यापर्यंत मी इथं नसेनच. पण कुठल्याही गावात कोणी विचारलं, तू कुठचा, तर मी आधी म्हणतो, आमचं वावर आहे. ते नसलं तर काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.

उद्या मी उभा राहून सांगणार आहे, बाची हरकत आहे. माय ते मानेल आणि यंदाही पेरेल. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुला सांगतो. तू काय म्हटलं असतंस, ते मला अजूनही माहीत नाही. हरकत माझी आहे, राबणार माय.