नऊ फळ्यांची खाडी

मी, रावजी धोंडू पालशेतकर, वय ७८, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार जयगड, जि. रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय लिहितो. वैताग आहे, पण तो दडपणात मोडत नाही असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम १. घर संदेश, गुरुप्रसाद व रुपाली या माझ्या तीन मुलांना समान. मागची हापूसची सहा कलमे दोन-दोन. इथवर भांडण नाही.

कलम २. शिवण झाडाच्या लाकडाच्या नऊ कोरीव फळ्या. मुले म्हणतात तसे हे 'बाबांचे शिक्के' नव्हेत. १९८१ साली मुंबईच्या एका प्रदर्शनात जपानी कारागीर लाकडी ठशांनी चित्र छापताना दोन दिवस उभा राहून पाहिला, आणि उरलेला जन्म त्यात घातला. रेषांची फळी एक, रंगांच्या आठ. एकाच कागदावर नऊ वेळा छापले की आपली खाडी होते. कवितेतली निळी खाडी मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवली. कुठली निळी, हे एका पोराने विचारले नाही. उत्तर फळी चार आणि पाचमध्ये आहे.

कलम ३. गणपतीत संदेश म्हणाला, "नऊ फळ्या, आम्ही तिघं. तीन-तीन. कोणाक कमी नाय, जास्त नाय." म्हणजे एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे पाणी, आणि रुपालीकडे होडी, कोरड्यावर. गुरुप्रसादने तर सातवी फळी आधीच नेली होती. "सपाट हाय बाबा, मासळी कापायला बरी पडते." ती संध्याकाळच्या आभाळाची.

कलम ४. संदेशची बायको समीक्षा हिने फळ्या पुसताना विचारले, "बाबा, सगळ्यांच्या कोपऱ्यात एकाच जागी ही खाच कशाला?" त्रेचाळीस वर्षांत हे विचारणारी ती पहिली. खाचेत कागद टेकला की रंग रेषेबाहेर जात नाही. सबब नऊही फळ्या, छिन्न्या आणि छापताना कागद पाठीमागून घासायची, पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, काथ्या बांधून केलेली घासणी समीक्षाला. सातवी फळी गुरुप्रसादने धुऊन परत द्यावी. सुरीचे चरे आभाळात पांढरे उमटतील. ते बगळे समजावेत.

कलम ५. समीक्षाने चित्र चारदा छापावे. तिघांना एकेक अख्खी खाडी. समान वाटणी ती ही.

कलम ६. रेषांच्या फळीवर 'जयगड' मी घाईत सुलट कोरले, म्हणून कागदावर उलटे येते. माझी पत्नी कै. गंगा म्हणायची, "असू दे हो, मी आरशात वाचीन." कुणी दुरुस्त करू नये. चौथे चित्र माजघरात तिच्या आरशासमोर लावावे. तो आरसा कुणाच्याही वाटणीत नाही.

साक्षीदार: १. बाळा सोनू भाटकर, शेजारी
२. डॉ. वेदिका खेडेकर

जयगड, १२ नोव्हेंबर २०२४

सही: रावजी धोंडू पालशेतकर
(थेट कागदावर केली, म्हणून सुलट.)