एकादशीची भजनं, भाग दोन

प्रिय मामंजी,

मायना चुकला, माहीत आहे. सासऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं. पण तीर्थरूप लिहिलं की पुढची सगळी ओळच शहाण्यासारखी लिहावी लागते, आणि आज मला कबुली द्यायची आहे. लाल पेन घेऊन बसला असाल तर खाली ठेवा.

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. रोज तुमच्या फोटोला फूल वाहते, पण तुमच्या रेकॉर्डींच्या पेटीबद्दल एक शब्द बोलले नाही तुमच्याशी. बोलणार तरी काय? तुमची पेटी घालवली होती मी! नुसती उभी राहून घालवली. परवा ती परत आणायला गेले आणि तिथे जे घडलं, ते तुम्हाला कळायलाच हवं. म्हणून हे पत्र.

आधी तुमच्यावरचा राग काढू द्या. भूगोलाचे मास्तर तुम्ही, पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करायचात, आणि घरात इतकी वर्षं एवढं मोठं खोटं? तेही सुवाच्य अक्षरात?

मी देवासहून लग्न होऊन धारला आले त्याला दोनच महिने झाले होते. चौऱ्याण्णव साल. आम्ही कारखानेवाले, आई-वडील सांगलीकडून नोकरीसाठी आलेले. तुमचं घर जुनं, दरबारी. इथे सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याला मामंजी, हेसुद्धा मला साखरपुड्यानंतर शिकवलं गेलं. तेव्हा संस्कारी दिसायची भारी हौस होती मला. त्या दिवशी एकादशी होती आणि शनिवारही. आत्याबाई त्यांच्या भजनी मंडळात गेलेल्या. माजघरातल्या लोखंडी पेटीत मला तुमच्या रेकॉर्डी दिसल्या. प्रत्येकीला वहीसारखं खाकी कागदाचं कव्हर, वर पांढरी चिठ्ठी. काकड आरती. भूपाळ्या. प्रवचन भाग तीन. म्हटलं, वा! ‘एकादशीची भजनं, भाग दोन’ काढली, नमस्कार केला आणि लावली.

आणि एक बाई इंग्रजीत अशी काही कळवळून ओरडली की माझ्या हातातलं निरांजन पडलं.

तुम्ही परसात लिंबं काढत होतात. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे धावत आलात. मी म्हटलं, मामंजी, रेकॉर्ड बिघडलीय. मी बंद करायला हात पुढे केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “थांब. आता लावलीच आहेस तर कडवं पूर्ण होऊ दे.” आणि लिंबांची टोपली मांडीवर घेऊन तिथेच खाली बसलात. आपली ओळख खरी त्या दिवशी झाली.

मग तुम्ही सगळं सांगितलंत. जवळच्या तिरल्याला विहिरींच्या कामावर आलेलं ते परदेशी जोडपं, त्यांना तुम्ही हिंदी शिकवायला सायकलवर जायचात, आणि परत जाताना त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून दिलेली ही पेटी, आत अमेरिकेची जॅझ आणि सोल गाणी, आणि प्लेअर. कव्हरांवर उघड्या दंडांच्या बायका. घरात तुमच्या आई, सोवळ्याच्या. म्हणून खाकी कागद. त्या गेल्या, पण तोवर आत्याबाईंनाही तुम्ही भजनंच सांगून बसला होतात. आता कुठल्या तोंडानं खरं सांगणार, म्हणालात. नव्या बायकोला सोडून शिरीष तेव्हा इंदूरला शिकायला. त्यालाही पत्ता नाही. आत्याबाई शनिवारी तीन ते पाच मंडळात, तेवढीच तुमची मैफल. मला शपथ घातलीत: “तुझ्या आत्याबाईंना कळता कामा नये. शब्द दे.” मी दिला. त्या शब्दानंच सगळा घोटाळा केला, मामंजी.

पण मजा काय केली आपण! शनिवारी दुपारी चहा, शेव आणि तुमची पेटी. जॅझ म्हणजे गप्पांचा फड, कोणी कोणाला तोडत नाही आणि तरी सगळे एकदम बोलतात, असं सांगायचात. आणि सोल? तुम्ही म्हणालात, देवळात गाणारी माणसं बाहेर आली आणि प्रेमाबद्दल गायला लागली, पण देवाला हाक मारायची सवय काही सुटली नाही, तेच हे. म्हणजे चिठ्ठ्या अगदीच खोट्या नाहीत, असा तुमचा दावा होता. आणि तुमची कसोटी काय, तर पायाचा अंगठा. अंगठा आपोआप हलला तर खरं गाणं.

मी मग इंदूरला गेले की त्या तऱ्हेच्या नव्या कॅसेटी शोधून आणायला लागले, पुढे सीड्या. दुकानदार इंदुरी सवयीनं मलाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणत भांगड्याच्या कॅसेटी दाखवायचा आणि मी आपली सोल मागत उभी. तुम्ही गुण द्यायचात. आवाज चांगला, घाई फार, सहा. ढोल मशीनचा, एक गुण कमी. एकदा एका नव्या पोरीचं गाणं ऐकून तीनदा विचारलंत, ही आजची आहे? नक्की? नऊ गुण दिलेत आणि संध्याकाळभर खुशीत होतात, हे अजून संपलं नाही म्हणून.

भाग दोनला मात्र तुम्ही गुण दिले नाहीत कधी. ती बाई कोण, कुठली, काही कळायला मार्ग नव्हता. त्या जोडप्यानं सांगितलं होतं की तिची एवढी एकच रेकॉर्ड निघाली आणि ती कुठे गेली देव जाणे. तुम्ही म्हणायचात, एकदाच तोंड उघडलं आणि मग सुनेसारखी गप्प बसली. त्यावर मी तुमच्याकडे रागानं बघायचे आणि तुम्ही शेव पुढे करायचात.

आता ऐका कबुली. तुमच्या तेराव्याला देवासकडच्या पीपलरावांहून तिथल्या राममंदिराचे पुजारी आले होते, तुमचे जुने विद्यार्थी. तुमच्या वस्तूंपैकी काहीतरी मंदिराला द्यावं, असं शिरीषच्या मनात आलं. त्यानं पेटी उघडली. तुमच्या मुलाचं शिक्षण हिंदीतलं, मराठी वाचताना दरवेळी अडखळतो. पण त्या दिवशी पंचवीस माणसांपुढे एकेक चिठ्ठी अक्षरं लावून लावून मोठ्यानं वाचली त्यानं. काकड आरती. भूपाळ्या. एकादशीची भजनं. सगळ्यांचे डोळे भरले. माझेही, पण वेगळ्या कारणानं!

बोलणार कशी? आत्याबाई समोर बसलेल्या, पांढऱ्या फटक. त्यांना आज कळावं, तेराव्याला, चारचौघांत, की नवरा जन्मभर फसवत होता? आणि तुम्हाला दिलेला शब्द? मी ओठ मिटले. प्लेअरसकट पेटी जीपमध्ये चढली. तुमचा शब्द पाळला आणि तुमची पेटी घालवली. तेव्हापासून शनिवारची तीनची वेळ मला खायला उठायची. आत्याबाईही मंडळात जायच्या बंद झाल्या. वाटलं, दुःखामुळे.

मागच्या महिन्यात इंदूरला त्या दुकानात एक नवी सीडी दिसली. हरवलेली जुनी सोल गाणी शोधून नव्यानं काढलेली. तिथेच हेडफोन लावून ऐकू देतात हल्ली. तीन गाणी झाली, चौथं सुरू झालं, आणि मामंजी, मी त्या दुकानात उभ्याउभ्या रडले. तीच! तोच कळवळा. आपल्या निरांजनवाल्या बाई!

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की मूळ रेकॉर्ड फार थोड्या लोकांकडे उरली आहे, आणि शोधणाऱ्यांना ती बाई सापडली. आहे हो ती! म्हातारी झालीय, आपल्या गावातल्या चर्चमध्ये दर रविवारी गाते. गप्प बसलीच नव्हती कधी. तुम्ही ऐकायला हवं होतं हे. शेवेची बशी मी पुढे केली असती.

त्या रात्री शिरीषला सगळं सांगितलं. आधी त्याला खरंच वाटेना, मग इतका हसला की खोकला आला. पण पुढचा पेच होताच. पेटी आणायची तर आत्याबाईंना कारण काय सांगायचं? आम्ही ठरवलं, देवासला माझ्या माहेरी जातोय म्हणायचं. तर परवा सकाळी आत्याबाई लुगडं नेसून गाडीत आधीच बसलेल्या. मीही येते, म्हणाल्या, आणि येताना पीपलरावांला रामाचं दर्शन घेऊ. मी शिरीषला कोपरानं ढोसलं.

मंदिरात गेलो. पेटी गाभाऱ्याशेजारच्या खोलीत, वर स्वच्छ धुतलेलं फडकं. पुजारीबुवांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की जमिनीत जावं कळेना. पहिल्याच पहाटे त्यांनी ‘काकड आरती’ भोंग्यावर लावली होती. पाण्याला निघालेल्या बायका रस्त्यात थांबल्या, दूधवाल्यानं गाडी उभी केली. बुवांना वाटलं यंत्र बिघडलं. मग त्यांनी सगळ्या रेकॉर्डी लावून पाहिल्या. तेव्हा भोंगा तेवढा बंद केला, पण रेकॉर्डी नाही. त्यातली भाग दोन दर एकादशीला मंद आवाजात लावतात. “समज में कंई नी आयो,” ते हात जोडून म्हणाले, “पण मास्साब ने लिख्यो है तो भजन ही होयगो.”

बघा काय करून ठेवलंत! चाळीस वर्षांनीही पोरगं तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवतं.

मी शिरीषकडे बघतेय, शिरीष छताकडे. कशी सुरुवात करावी? तेवढ्यात आत्याबाई पेटीजवळ खाली बसल्या. एकेक चिठ्ठी मागे सारत गेल्या, चष्माही न लावता, आणि भाग दोन काढून माझ्या हातात ठेवली.

“ही लाव,” म्हणाल्या. “ती रडकी बाई. त्यांची लाडकी.”

 पेटी घरात आली त्या वर्षापासून त्यांना माहीत होतं, मामंजी. छत्री विसरली म्हणून एकदा बाजाराच्या अर्ध्या वाटेतून परत आल्या होत्या त्या, आणि दारातूनच ऐकून, छत्री न घेताच परत फिरल्या. मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, “मी घरात असले की ते खोकलासुद्धा दाबून काढायचे गं. गाणं कुठलं ऐकणार? म्हणून तर मंडळ धरलं. मला कुठे गळा आहे?”

आणि तेराव्याला? तेव्हा त्याही गप्प होत्या कारण लोकांत तुम्ही खोटे पडू नयेत. त्यांना वाटलं मी बोलेन, मला वाटलं त्यांना कळू नये. दोघी समोरासमोर बसून तुमचं गुपित एकमेकींपासून सांभाळत होतो, आणि पेटी गेली. आम्ही दोघी हसलो, मग रडलो, मग बुवांनी घाबरून प्रसाद दिला.

मग रामापुढे ऐकली आम्ही ती, सभामंडपात सतरंजीवर. बाई कळवळून गात होती. मी आत्याबाईंच्या पायाकडे बघत होते. लुगड्याच्या काठाखाली अंगठा हलत होता.

पेटी घरी आली आहे. बुवांनी एका शब्दानं अडवलं नाही, फक्त एकादशीचं काय, एवढं विचारलं. म्हणून त्यांना त्या गाण्याची कॅसेट करून पाठवतेय. खाकी कागद घातला आहे, वर माझ्या अक्षरात ‘एकादशीची भजनं, भाग दोन’. तुमच्यापेक्षा अक्षर खराब आहे, चालवून घ्या.

आणि आज शनिवार. तीन वाजत आले आहेत. चहा उकळतोय, शिरीष शेव आणायला गेलाय, आत्याबाई प्लेअरशेजारी पाटावर बसून मला दोनदा हाक मारून झाल्या. नव्या सीडीला गुण त्याच देणार आहेत म्हणे, आणि त्या तुमच्यासारख्या उदार नाहीत. तुम्हाला शब्द देते, हा मात्र बोलून पाळण्याचा: दर शनिवारी ही पेटी उघडेल, आत्याबाई घरात असताना, दारं सताड उघडी ठेवून, आणि आवाज कोणी कमी करणार नाही.

तुमची सून,
वृंदा