गोदाछायेतला तळमजला

प्रिय सहादू,

तुझा फोन येऊन आज नऊ दिवस झाले. एकच प्रश्न विचारला होतास आणि मी म्हणालो होतो, दोन दिवसांत सांगतो. त्यानंतरचे तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. इंदिराला सांगितलं, खळ्यावर कांदा भरत होतो, ऐकू आलं नाही. माझे कान किती तिखट आहेत ते तुला ठाऊक आहे. लिलावात शंभर ट्रॅक्टर धडधडत असताना मागच्या रांगेतला व्यापारी तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला ते मला ऐकू यायचं, त्यावरच तर मी हमालाचा व्यापारी झालो. त्यामुळे इंदिराला ते कारण पटलं नाही, आणि तुलाही पटलं नसणार.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितोय, आणि ड्रायव्हरच्या हाती आजच पाठवतोय. फोनवर मी कुठल्याही अवघड गोष्टीला हात घातला की तू मध्येच म्हणतोस, "ते मरू दे, जेवला का?" आणि माझं अवसान गळतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. चष्मा लाव, ओट्यावर बस आणि शेवटपर्यंत वाच. स्नेहलला वाचायला देऊ नकोस, निदान तुझं वाचून होईपर्यंत तरी.

तुझा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. "रंगा, गौरांगचा तळमजला मला पसंत हाय. जिना नाय, गुडघ्याला बरं. पोरीचं हॉस्पिटल जवळ. पण माणसं कशी हायेत ते मला नाय कळायचं. तू बारा वर्षं राहतोय. तू हो म्हणला की मी डोळे झाकून घेतो." झुंबर वहिनी गेल्यापासून तू त्या घरात एकटा चूल पेटवतोस, तुझी स्नेहल इथे नाशकात नर्सची नोकरी करत खोलीत एकटी राहते, आणि दोघं एकमेकांना फोनवर सांगता की आम्ही मजेत आहोत. हे सगळं मला माहीत आहे. गौरांगला घर विकून पुण्याला जायचं आहे आणि त्याला उद्या सोमवारी उत्तर हवं आहे, तेही माहीत आहे.

तर ऐक. या पत्राचा पहिला कागद मी फाडला. त्यात लिहिलं होतं, माणसं वाईट नाहीत रे, फक्त शहरी आहेत. खोटं होतं. माणसं वाईट आहेत. पण आपल्याला सवय आहे तसली वाईट नाहीत. आपल्याकडे एखाद्याशी वाकडं आलं तर तो बांधावर उभा राहून सात पिढ्या उद्धरतो आणि चार महिन्यांनी त्याच्याच पोरीच्या लग्नात आपण पंगतीत वाढायला असतो. इथे गोदाछाया सोसायटीत कोणी आवाज चढवत नाही. इथे सूचना लावतात. फाटकाशी काचेची पेटी आहे, तिला कुलूप आहे, आत टाइप केलेला कागद असतो. मी राहायला आलो त्या वर्षी नव्या कांद्याची एक गोणी लिफ्टने वर नेली. दुसऱ्या दिवशी पेटीत कागद: "काही सदस्यांकडून कृषिमालाची वाहतूक लिफ्टमधून होत असल्याचे निदर्शनास आले आहे." काही सदस्य म्हणजे मी एकटा. आणि तो कृषिमाल मी त्यांच्याच दारात वाटायला आणला होता. तरी वाटला. अठ्ठावीस घरं, प्रत्येकी दोन किलो, निवडून निवडून. तिसऱ्या दिवशी सकाळी आपला पेठ तालुक्यातला वॉचमन बहिरू ड्युटी संपवून निघाला तर सायकलला पिशव्याच पिशव्या. मी विचारलं तर बिचारा घाबरला. म्हणाला, "साहेब, चोरले नाय. लोकांनीच दिलं. वास मारतो म्हणले." मी त्याला म्हटलं, खा बाबा, निदान एका तरी घरात गेला.

इंदिराचं तर विचारू नकोस. पहिल्या होळीला तिने आमच्या विंगेतल्या सगळ्या घरांत पुरणपोळ्या पाठवल्या, स्टीलच्या डब्यांतून. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा नाही. इथे तेरा डबे गेले आणि तेरा डबे आले. घासून, पुसून, झाकणावर आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेली पट्टी चिकटवून, बहिरूच्या हातून. इंदिरा एकेका डब्याचं झाकण उघडून आत बघत होती आणि परत लावत होती. मी म्हटलं, अगं त्यांच्यात पद्धत नसेल. ती म्हणाली, "पद्धत नसू दे हो, पण स्वतः येऊन द्यायला काय झालं होतं?" तीन वर्षं तिने नेट धरला. आता होळीला ती मोजक्या पोळ्या करते आणि बाल्कनीचं दार लावून घेते.

अध्यक्ष शामसुंदरराव आहेत, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अतिशय गोड माणूस. नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "मूळचे कुठले तुम्ही?" उत्तर आलं की मान हलवतात, आणि त्या मान हलवण्यात त्यांचं सगळं मोजमाप झालेलं असतं. जात हा शब्द बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. ते "कल्चर" म्हणतात. आपल्या सोसायटीचं कल्चर. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर दोन मुली भाड्याने आल्या होत्या, नर्सच, आपल्या स्नेहलसारख्या. रात्रपाळी करून पहाटे यायच्या. कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. फक्त पेटीत कागद लागला की रात्री साडेदहानंतर फाटक बंद राहील आणि उशिरा येणाऱ्यांनी कारण वहीत लिहावं. त्या पोरी रोज पहाटे कुडकुडत वहीत लिहायच्या: ड्युटी. ड्युटी. ड्युटी. सातव्या महिन्यात गेल्या. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा बाकावर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "चला, कल्चर टिकलं." मी पलीकडे पेपर वाचत होतो. ऐकलं. पान उलटलं.

तू म्हणशील, रंग्या, तुझी जीभ कुठे गेली होती? भर बाजारात व्यापाऱ्यांची टोपी उडवायचास. तेच सांगतोय. इथे दोन लिफ्ट आहेत. एक आपली, एक कामवाल्या, दूधवाले, गॅसवाल्यांची. मला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. लासलगावहून आलो होतो, अंगावर कांद्याची फोलपटं, डोक्याला टोपी. चौथ्या मजल्यावरच्या संपदाताई लिफ्टमध्ये होत्या. माझ्यासाठी दार धरायचं सोडून फार नम्रपणे म्हणाल्या, "काका, तुमची लिफ्ट ती पलीकडची." तीन वर्षं शेजारी, सहादू. मी काय केलं असेल? "हो ताई" म्हणालो आणि पलीकडच्या लिफ्टने गेलो. दूधवाला होता सोबत, त्याने विचारलंसुद्धा, काका इकडे कसे?

दुसऱ्या दिवसापासून टोपी डिकीत. नाशकात शिरताना आडगाव नाका आला की काढतो, जाताना आडगाव नाका गेला की घालतो. ड्रायव्हरला आता सांगावंही लागत नाही, तो आपणहून गाडी बाजूला घेतो. आणि कान होतेच. लिलावाची भाषा जशी दोन महिन्यांत उचलली होती तशी यांची सहा महिन्यांत उचलली. मी आता लय म्हणत नाही, खूप म्हणतो. नाय म्हणत नाही. शामसुंदरराव एकदा मला म्हणाले, "रंगनाथराव, तुमचं मराठी ऐकून वाटत नाही हो तुम्ही तिकडचे," आणि खोटं कशाला सांगू, मला दिवसभर बरं वाटलं. नात ओवी सुट्टीत आली होती तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, सहादूआजोबांशी बोलताना तुमचा आवाज वेगळा का होतो?" तेव्हापासून तुझा फोन आला की मी आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. तुला वाटत असेल, रंगा माझ्यासाठी निवांत जागा बघून बोलतो.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते दोन वर्षं राहिलंय. झुंबर वहिनींच्या दहाव्याला तुम्ही रामकुंडावर आला होता. तू, तुझे भाऊ, चुलत्यांची पोरं, दोन जिपा भरून. मुंडणं झालेली, अंगावर ओले पंचे, उन्हाने डोकी तापलेली. माझं घर तिथून पाच किलोमीटर. इंदिराने सकाळपासून वीस माणसांचा स्वयंपाक करून ठेवला होता. तू म्हणालास, "रंगा, जरा टेकायला मिळंल का?" आणि मी म्हणालो, सोसायटीत आज पाणीच नाही रे, टाकी साफ करतायत. तुम्ही पंचवटीतल्या कुठल्याशा हॉटेलात जेवलात. सहादू, पाणी होतं. टाकीला कोणी हात लावला नव्हता. मला फक्त तुम्ही दोन जिपांतून फाटकात उतरताना दिसलात आणि बाकावरचे चार जण दिसले. इंदिराला मी सांगितलं की तुम्हाला परतायची घाई होती. तो सगळा स्वयंपाक तिने बहिरूच्या वस्तीवर पाठवला.

मग राहतो कशाला, असं विचारशील. राहतो, कारण लासलगावात लोक म्हणतात, रंगनाथ गंगापूर रोडला राहतो. राहतो, कारण गणपतीच्या आरतीला शामसुंदरराव आता माझ्यासाठी पुढची खुर्ची ठेवतात. मागच्या वर्षी कमिटीवर घेतलं मला. तुला पेढे पाठवले होते, तू ते बाजाराच्या आवारात सगळ्यांना वाटलेस आणि म्हणालास, आपला माणूस बसला तिथं. तू पेढे वाटत होतास त्या वेळी इथे मी फाटक किती वाजता बंद करावं या ठरावावर सही करत होतो. साडेदहा फार उशीर होतो, दहा करा, असं कोणी तरी सुचवलं. मी अनुमोदन दिलं.

आता गेल्या गुरुवारच्या सभेचं. इथे नवीन घर घेणाऱ्याचा अर्ज सभेत वाचतात आणि कोणाच्या ओळखीचा असेल तर त्याने दोन शब्द सांगायचे, मग चहा. कायद्याने त्याला काडीचीही किंमत नाही, मी वकिलाला विचारलंय, तुला कोणी अडवू शकत नाही. पण त्या दोन शब्दांवर पुढची वीस वर्षं इथे माणसाशी कसं वागायचं ते ठरतं. गौरांगने तुझ्या नावाचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता, तो शामसुंदररावांनी वाचला. नाव, वय त्रेसष्ट, मूळ गाव. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रंगनाथराव, तुमच्याच बाजूचे दिसतात. ओळखीचे?" एकेचाळीस वर्षं आपण एकमेकांना ओळखतो. एका तराजूवर पोती टाकली. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर तू माझ्या वाटणीची पोती स्वतःच्या पाठीवर घेतलीस आणि मजुरी इंदिराच्या हातात नेऊन दिलीस. तुझ्या पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, तू कधी म्हणाला नाहीस पण मला माहीत आहे. एवढं सगळं माझ्याकडे होतं सांगायला. मी म्हणालो, "चेहऱ्याने ओळखतो. बाजार समितीत हमाल होते." खूप चांगल्या मराठीत म्हणालो. संपदाताई म्हणाल्या, मग एकदा बोलावून भेटूनच घेऊ, घरात किती माणसं येणार-जाणार वगैरे. मागून कोणी तरी म्हणालं, "तळमजला आहे हे बरं, पोत्यांना लिफ्ट लागणार नाही." सगळे हसले. मी पण हसलो, सहादू.

इंदिरा बायकांच्या रांगेत बसली होती. चहा न घेता उठली. जिन्यात मला म्हणाली, "भाऊजींना तुम्ही लिहिताय की मी फोन करू?" त्यानंतर तीन दिवस ताट वाढते, पाणी ठेवते, पण शब्द बोललेली नाही. तेव्हा हे पत्र काही मी आपण होऊन लिहिलेलं नाही, हेही तुला कळलेलं बरं. तिने फोन केला असता तर तिने मला वाचवण्यासाठी थोडं कमी सांगितलं असतं, म्हणून मी लिहिलं. सोमवारी गौरांगला काय सांगायचं ते तू आणि स्नेहल ठरवा. घर हवेशीर आहे, पाणी चोवीस तास आहे, जिना नाही, पोरीचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. पण तू माझ्या 'हो'वर डोळे झाकणार होतास, तेवढं करू नकोस. डोळे उघडे ठेवून घ्यायचं असेल तर घे. आलास तर वर तिसऱ्या मजल्यावर शेजारी म्हणून मी असणार आहे, आणि गुरुवारी होतो त्यापेक्षा मी वेगळा वागेन असा शब्द मी तुला आज देऊ शकत नाही. तो धरूनच ठरव.

तुझाच म्हणायचा हक्क राहिला असेल तर, तुझाच,
रंगा