नाल्याच्या अल्याड

ऐरोली, मंगळवार

प्रिय सुधीर,

हे पत्र उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. पाकिटावर मी मुद्दामच माझं नाव घातलं नाही. तू मुलुंडला, मी ऐरोलीला, मधे एक खाडी आणि एक पूल. बसने फार तर अर्धा तास. आणि आपली शेवटची भेट होऊन अकरा वर्षं झाली. माझी बायको वैशाली गेली तेव्हा तू आला होतास. तिच्या फोटोला नमस्कार केलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि चहासुद्धा न घेता निघालास. मी तुला थांब म्हणालो नाही. थांबला असतास तर मला बोलावं लागलं असतं.

काय बोलावं लागलं असतं ते तुला माहीत आहे. माझ्या वायरलेसवाल्या ज्योतिबाचा मृत्यू सव्वीस वर्षं तुझ्या नावावर आहे आणि तो माझ्या नावावर असायला हवा होता. बघ, एका वाक्यात बसलं. हे वाक्य लिहायला मी सकाळपासून तीन कागद फाडलेत. आधीच सांगतो, माफीबिफी मागायला हे पत्र नाही. ती मागायचं माझं तोंड नाही आणि तू ती हसून उडवून लावशील, तेही मला नको आहे.

माझं बरं चाललंय. म्हणजे काय, तर गुडघे कुरकुरतात, पोळ्या गोल होत नाहीत, आणि केयूर टोरांटोहून दर रविवारी फोन करतो नि पहिलं वाक्य 'बाबा, गोळ्या घेतल्या का' हेच असतं. सोसायटीत मला कर्नलसाहेब म्हणतात. सव्वीस जानेवारीला झेंडा माझ्या हातून फडकवतात, पंधरा ऑगस्टला परत बोलावतात. मधल्या साडेसहा महिन्यांत बेल वाजली तर समजायचं की कुणाची तरी गाडी माझ्या पार्किंगमध्ये लागली आहे. बोनकोड्याचं आमचं घर पाडून भावांनी चार मजले चढवले, तिथे आता माझ्या ओळखीचं कुणी नाही. परवा कुकरला मी 'अरे हो, ऐकलं' असं म्हणालो. त्यावरून तू काय ते समज.

बेल वाजायची ती फक्त एकाआड एक शनिवारी. ज्योतिबाची जाई. हो, तीच. तिच्या जन्माचं पत्र आलं त्या दिवशी ज्योतिबाने आपल्या दोघांना बंकरमध्ये साखर चारली होती, मुठीत घेऊन, कारण पेढे कुठले त्या उंचीवर! ती इथल्याच एका आयटी कंपनीत लागली, आई गोजराबाईंना गडहिंग्लजकडून घेऊन आली, कोपरखैरण्यात भाड्याने राहते. तीन वर्षांपूर्वी पलटणीच्या कुणाकडून तरी पत्ता मिळवून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमी बाबांचे साहेब ना?" तेव्हापासून येते. डबा आणते, मोबाइलचे घोळ निस्तरते, माझ्या पोळ्यांना नावं ठेवते. "काका, टेन्शन नका घेऊ, नकाशे छान झालेत." आणि मग पाय वर घेऊन सोफ्यावर बसते आणि म्हणते, सांगा ना, बाबा कसे होते. मी सांगायचो. सगळं सांगायचो, फक्त शेवट सोडून. एवढं एकच माणूस माझ्याकडे यायचं रे. मी ते कसं घालवणार होतो?

तिला मी आपल्याबद्दलही सांगितलं, तुझं नाव न घेता. पायदळाचा मेजर आणि तोफखान्याचा मेजर म्हणजे आंधळा आणि पांगळा. मी चढायचो, तू समोरच्या कड्यावर दुर्बीण लावून बसायचास. माझी कंपनी जिथे अडली तिथे पुढे तुझे गोळे पडायचे, मग आम्ही दहा पावलं सरकायचो. एकाच मगातला चहा, आधी कुणी प्यायचा यावर भांडण. तू दोन्ही टोकांनी पेन्सिली तासायचास म्हणून मी तुला शाळामास्तर म्हणायचो. माझं डोकं कायम तापलेलं, तुझं कायम थंड. मी ओरडायचो, "सुध्या, तिकडे डाव्या खडकावर टाक लवकर!" आणि तू शांतपणे विचारायचास, "आधी आपली माणसं कुठे आहेत ते सांग." नकाशावरचे आकडे घ्यायचास, परत वाचून दाखवायचास, मी हो म्हटल्याशिवाय तोफेला हुकूम द्यायचा नाहीस. मला राग यायचा. पण त्या वीस दिवसांत तुझ्या गोळ्याने आपल्या एकाही जवानाला ओरखडा आला नाही.

मराठीत बोलायची टूम माझी. शत्रू आपल्या वायरलेसवर कान लावून बसलेला, हिंदी, पंजाबी, इंग्रजी त्याला सगळं कळायचं. तू फलटणचा, मी बोनकोड्याचा. म्हटलं, बस म्हणावं आता डोकं खाजवत. तुला माझी आगरी ऐकून हसू यायचं. मी सेटवर 'तुजा चाय थंड झाला हाय' म्हणालो की तू पाच मिनिटं खिदळायचास.

त्या दुपारी ढग खाली उतरले होते. तुला कड्यावरून काही दिसत नव्हतं, मीच तुझे डोळे. ठरलं होतं की मी नाल्याच्या आपल्या बाजूला थांबायचं. मी थांबलो नाही. समोर वाट मोकळी दिसली, मी एक प्लाटून घेऊन नाला ओलांडला, ज्योतिबा सेट पाठीवर घेऊन माझ्या मागे. तुला कळवलं नाही. वाटलं, वर पोचल्यावर एकदमच सांगू. मग वरून मशीनगन सुरू झाली. तू विचारलंस, "माणसं कुठे?" मी म्हणालो, "नाल्याच्या अल्याड." तू म्हणालास, "आकडे दे." मी म्हणालो, "आकडे राहू दे, अल्याड हाव आमी, तू पल्याड टाक!"

आमच्या खाडीवर पाय असतील तो काठ अल्याड. होडी समोरच्या काठाला लागली की तो अल्याड होतो आणि गाव पल्याड. माझा बाप तसंच बोलायचा, मी तसाच वाढलो. तुझ्या फलटणला अल्याड म्हणजे आपला काठ, माणूस कुठेही असो. तू मला आपल्या काठावर समजलास आणि समोरच्या काठावर गोळे टाकलेस. अगदी बरोबर टाकलेस, सुधीर. तिसरा गोळा ज्योतिबाच्या जवळ पडला. जाई तेव्हा बावीस दिवसांची होती.

संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. मी बडबडत होतो, की मी सांगतो, मी सगळं लिहून देतो. तू मला गप्प केलंस. म्हणालास, परवा पुन्हा चढायचं आहे, कंपनी तुझ्या मागून चढते, माझ्या जागी दुसरा गनर येईल, तुझ्या जागी कोण येणार? चौकशीत तू सांगितलंस की शिवाने आकडे दिले होते, मीच परत वाचून दाखवले नाहीत. मला विचारलं तेव्हा मी 'आठवत नाही' म्हणालो. दोनच शब्द. ठरल्या दिवशी चढलो, शिखर घेतलं, पदक मिळालं. तुझी बढती थांबली ती थांबलीच. चार वर्षांनी तू नोकरी सोडलीस आणि मुलुंडच्या क्लासात पोरांना गणित शिकवायला लागलास. युद्ध संपल्यावर तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू करत मी कर्नल झालो.

आता बातमी. जाईचं लग्न ठरलंय. मुलगा उरणचा, तेजस नावाचा, बंदरात नोकरीला आहे. गेल्या शनिवारी ती पत्रिका घेऊन आली. पहिली पत्रिका मला. म्हणाली, "काका, अक्षता पडतील तेव्हा बाबांच्या जागी तुमी उभं राहायचं. आई पण हेच बोलली." मी हो म्हणणार होतो. शपथ सांगतो, 'हो' अगदी ओठांवर होता. मग ती म्हणाली, पलटणीतल्या सगळ्यांना बोलावणार आहे, फक्त त्या तोफखान्याच्या साहेबांना नाही. त्यांचं नाव काढलं तरी आई जेवत नाही. आणि तिने सांगितलं की तू एकदा त्यांच्या गावी गेला होतास. हे मला माहीत नव्हतं, सुधीर! तू उन्हात दारात उभा राहिलास, गोजराबाईंनी तुला नाही नाही ते ऐकवलं आणि तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. माझं नाव घेतलं नाहीस.

मी तिला म्हटलं, चल, तुझ्या आईकडे जाऊ. गोजराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अल्याड, पल्याड, आकडे, 'आठवत नाही', सगळं. वाटलं होतं रडतील, शिव्या देतील. त्या हातातली मेथी खाली ठेवत म्हणाल्या, "त्यो मानूस उनातनं आल्ता. मी त्याला पानी बी दिलं न्हाई." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. जाईने माझ्या हातातली पत्रिका काढून घेतली, अगदी हळू, आणि पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "साहेब, त्यांचा मुलुंडचा पत्ता द्या." तीन वर्षांत पहिल्यांदा ती मला काका म्हणाली नाही.

तर हे पत्र यासाठी. रविवारी सकाळी त्या दोघी तुझ्याकडे येणार आहेत. जाई तुला विचारेल, माझ्या समोर बसून विचारते तसंच थेट, की त्या दिवशी चूक कुणाची होती. आणि तू काय करशील ते मला तुझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. तू चष्मा पुसशील आणि म्हणशील, शिवा म्हातारा झालाय, त्याला नीट आठवत नाही, मीच आकडे वाचून दाखवले नाहीत. त्या पोरीचा काका तिला परत मिळवून द्यायला तू पुन्हा खोटं बोलशील. फोनवर सांगितलं असतं तर तू मला वाक्य पुरं करू दिलं नसतंस, म्हणून लिहितोय. या वेळी मला झाकू नकोस. तिला खरं सांग, गोजराबाईंच्या हातचं पाणी पी, पत्रिका घे. लग्न अठ्ठावीस तारखेला आहे, वाशीला, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. चांगला सदरा घालून वेळेवर जा आणि तिच्या शेजारी उभा राहा. मला बोलावणं नाही.

तुझाच,
शिवा