ड्रायव्हरची एक चूक

ठकू,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. आईला सोबत घेऊन माझे डोळे दाखवायला डॉक्टरांकडे चाललोय, जेवायच्या वेळेपर्यंत येतो.

माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तू दिलेली तिन्ही पुस्तकं वाचून झाली. समुद्रप्रवासाचं आवडलं, फक्त तो गडी जहाजात पाय ठेवायलाच ऐंशी पानं घेतो. रहस्यकथेतला खुनी मी निम्म्यातच ओळखला. तीस वर्षं बस चालवली, कोण तिकीट न काढता बसलंय हे मला आरशातूनच कळायचं.

तिसरं म्हणजे तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित. नोकरी सोडून तू लिहायला बसलीस तेव्हा मी तुला जे टाकून बोललो, तेच त्यातला ड्रायव्हर बाप आपल्या मुलीला बोलतो. शब्दसुद्धा तेच. ते पान दोनदा वाचलं. आईने विचारलं, "डोळे का पुसताय?" म्हटलं, "औषध घातलंय."

एक चूक मात्र आहे. घाट उतरताना तो गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. शहाणा ड्रायव्हर असं कधी करत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, तेवढं बदल. बापाच्या तोंडचं मात्र काही बदलू नकोस, मला वाईट वाटेल म्हणून तर नाहीच.

शेवटी तो मुलीशी काही न बोलताच कामावर निघून जातो. मलाही समोरासमोर जमलं नसतं, म्हणून लिहून ठेवतोय. फार चांगलं लिहिलंयस. आता छापायला दे.

बाबा